मदत हवी आहे: जुना टोनव्हील ऑर्गन सुरू होतो, पण चालत राहत नाही

१९६०च्या दशकातला ऑर्गन घरी आणलाय, फिरत्या धातूच्या चाकांतून (टोनव्हील) सूर काढणारा. ‘स्टार्ट’ ८ सेकंद दाबून मग ‘रन’ लावतो. चाकं फिरतात, पण स्टार्ट सोडलं की मान टाकतात. वर्षानुवर्षं तेल पडलेलं नव्हतं, म्हणून टोन जनरेटरचं (म्हणजे या चाकांच्या यंत्रणेचं) खास पातळ तेल घातलं (शिवणयंत्राचं मुद्दाम टाळलं). दोन दिवस झाले, फरक शून्य. आतल्या तेल वाहून नेणाऱ्या धाग्यांतून झिरपत बेअरिंगपर्यंत जायला त्याला किती वेळ लागतो? की चाकं ठरावीक वेगाने फिरवत ठेवणारी सिंक्रोनस मोटरच जड झालीय?

शिवाय स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतं, आवाजाचं पेडल वर-खाली केलं तरी तेवढंच. म्हणजे पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर गेले ना? ते डिस्चार्ज करायला कोणता रेझिस्टर वापरता? व्हॉल्व्हचा (व्हॅक्यूम ट्यूबचा) अँप्लिफायर आहे, शेकडो व्होल्टचं काम. अजून हात घालायची हिंमत झालेली नाही.