एका वायरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी हीटरवाला बसवायचाय, वायरिंगसाठी मदत हवी आहे

गाडी 1999 ची, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली). सीएनजी किट नाही. मुक्काम धुळे. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर एका वायरचा आहे आणि मॅनिफोल्डपासून बराच खाली, एक्झॉस्टच्या पाइपवर आहे.

लळिंग घाट चढताना मल्टिमीटरवर सिग्नल 0.1 ते 0.9 व्होल्ट छान खालीवर होतो. गावात येऊन गाडी सिग्नलला उभी राहिली की थोड्याच वेळात काटा एका जागी थिजतो, आयडल जड होतं आणि धुराला पेट्रोलचा वास येतो. हिवाळ्यात सकाळी तर फारच. सेन्सरला काम करायला 300 अंशांच्या वर तापावं लागतं, तेवढी उष्णता तिथे पोचत नाही असं मला वाटतं.

प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत, व्हॅक्यूमचे पाइप तपासलेत, एक्झॉस्टला गळती नाही. नवा एका वायरचा सेन्सर लावूनही फरक शून्य.

आता चार वायरचा आणलाय. आटे जुळतात. काळी सिग्नलला, दोन पांढऱ्या हीटरच्या, एवढं पक्कं; उरलेली राखाडी सिग्नलच्या अर्थची. इथले वायरमन हीटरचा प्लस सरळ इग्निशनवरून घे म्हणतात, पण मग इंजिन बंद असतानाही चावी ऑन असली की हीटर चालू राहणार. म्हणून फ्युएल पंपाच्या लाइनवरून वेगळा रिले उचलून, फ्यूज टाकून द्यायचा विचार आहे. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलायचा नाही.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी सांगा: फ्यूज किती अँपिअरचा टाकलात? आणि राखाडी वायर इंजिन ब्लॉकला अर्थ केली, की ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडपर्यंत नेली?