आनुवंशिक पॉलिप्स : गोळ्यांनी शस्त्रक्रिया टाळता येते का?

प्रश्न
माझ्या थोरल्या भावाच्या मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप्स (आतड्याच्या आतील अस्तरावर येणाऱ्या गाठी) सापडले असून, असे पॉलिप्स घराण्यात आणणारा एपीसी जनुकातील दोषही निघाला आहे. वडील आतड्याच्या कर्करोगानेच गेले. सर्जनांनी मोठे आतडे काढण्याचा सल्ला दिला आहे; पण दादा अवघा २६ वर्षांचा आहे. सुलिंडॅक किंवा सेलेकॉक्सिब या सूज व वेदना कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन काही वर्षे निभावता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
मी पोटविकारतज्ज्ञ आहे. या गोळ्यांनी पॉलिप्स कमी होतात हे खरे, पण त्यामुळे कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही, आणि आपल्या बंधूंच्या बाबतीत हाच फरक निर्णायक आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, २२ रुग्णांच्या चाचणीत नऊ महिने सुलिंडॅक दिल्यावर पॉलिप्सची संख्या निम्म्याहून खाली आली. गोळी बंद होताच ती पुन्हा वाढू लागली. पुढे, जनुकदोष असूनही पॉलिप्स न आलेल्या तरुणांना हेच औषध चार वर्षे देऊन पाहिले, तरीही पॉलिप्स यायचे थांबले नाहीत. सेलेकॉक्सिबला अमेरिकेत १९९९ साली या आजारासाठी मिळालेली मान्यता २०११ साली मागे घेतली गेली, आणि दीर्घकाळ घेतल्यास हृदयविकाराचा धोका आहेच. उपचार न केल्यास या आजारात कर्करोग जवळपास अटळ असतो, तोही बहुधा चाळिशीच्या आसपास; म्हणून शस्त्रक्रिया लांबवू नये.

प्रतिसाद २
माझे मोठे आतडे काढले आहे, मलाशय मात्र ठेवले आहे. तेथे पुन्हा पॉलिप्स आले तेव्हा डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पण दुर्बिणीची तपासणी एकदाही चुकवू दिली नाही, कारण पॉलिप्स आटोक्यात दिसत असतानाही मलाशयात कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. आदल्या रात्रीचे ते जुलाबाचे औषध नकोसे होते, तरी तपासणी टाळू नका. आणि ताई किंवा दादा, आपण स्वतः जनुकीय तपासणी केली का? भावंडांमध्ये हा दोष येण्याची शक्यता निम्मी असते.

प्रतिसाद ३
आमच्या घरात लिंच सिंड्रोम (आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा दुसरा आनुवंशिक आजार) आहे आणि आम्हाला अ‍ॅस्पिरिन सुचवले आहे. मग येथे ते का चालत नाही?

प्रतिसाद १ यांचे उत्तर
आजार वेगळा आहे. लिंच असलेल्या ८६१ जणांच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये आतड्याचा कर्करोग कमी झाला, पण तो फरक दिसायला काही वर्षे जावी लागली. शेकडो पॉलिप्स आधीच असलेल्या रुग्णाला तेवढी वाट पाहणे परवडत नाही. तुम्हीही मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, कारण अ‍ॅस्पिरिनमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो.