मदत हवी आहे : मूलद्रव्यांच्या संज्ञांतून गावांची नावं

दहावीच्या मुलांसाठी कोडी करतेय. फक्त अणुअंक द्यायचे, त्यांनी इंग्रजी संज्ञा जोडून गाव ओळखायचं. ९४, १० म्हणजे प्लुटोनिअम-निऑन, झालं पुणे! विरारही जमलं : २३, ७७, १८. नाशिक तर दोन प्रकारे होतं. सोडिअम-गंधकाने सुरुवात करा (११, १६) किंवा नायट्रोजन-अर्सेनिकने (७, ३३), पुढे १, ५३, १९ तेच. मुलं फळ्यापाशी धावलीच!

साताऱ्याला मात्र शेवटचा ‘ए’ उरतो, कारण नुसत्या ‘ए’ची संज्ञाच नाही. ‘जे’ तर अख्ख्या आवर्त सारणीत नाही, म्हणजे जळगाव, जालना बाद.

बार्शी, वाशी सापडलीत. विदर्भ-मराठवाड्यातली कुणाला सुचतायत का? निदान दहा तरी हवीत. सोबत अणुअंकही लिहा, प्लीज.