शाळकरी फुटबॉलपटूची कमाई: सही कार्डावर आणि सही इरादापत्रावर

नदीकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेतील शाळकरी खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे मिळवू द्यावेत की नाही, हा वाद आता बराचसा मागे पडला आहे, कारण बहुतेक राज्यांत ही मुभा या ना त्या स्वरूपात मिळाली आहे. मला मांडायचा आहे तो त्यापुढचा प्रश्न. ही मुभा मुलाने कोणते महाविद्यालय निवडले यावर अवलंबून ठेवण्याचा अधिकार राज्याला असावा का?

मिझुरी राज्याने २०२३ मध्ये नेमके हेच केले. गव्हर्नर माइक पार्सन यांनी जुलैत सही केलेला आणि २८ ऑगस्टपासून लागू झालेला कायदा सांगतो की, शाळकरी खेळाडूने राज्यातील महाविद्यालयाबरोबर इरादापत्र केले, म्हणजे तिथून खेळण्याचे लेखी वचन दिले, की तो शाळेत असतानाच कमाई सुरू करू शकतो. त्याच वर्गातला, तितकाच गुणी मुलगा शेजारच्या कॅन्ससला किंवा आयोवाला जाणार असेल, तर या कायद्याची सवलत त्याला नाही.

याच्या शेजारी नॉर्थ कॅरोलायनातील प्रकरण ठेवून पाहावे. तिथे सरकारी शाळांतील खेळाडूंना मनाई होती, खासगी शाळांतील मुलांना मात्र मोकळीक होती. ग्रीन्सबरोच्या एका क्वार्टरबॅकला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, खेळाडूंची चित्रकार्डे छापणाऱ्या कंपनीने सह्या करण्याचे काम देऊ केले होते. त्याच्या आईने २०२४ च्या ऑगस्टमध्ये दावा दाखल केला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ती मनाई रोखली. त्या मुलाची सही कार्डावर होती. तो पुढे कुठे खेळणार, याच्याशी त्या सहीचा काही संबंध नव्हता. मिझुरीत मात्र आधी इरादापत्रावर सही आणि मग कमाई, असा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. पहिली सही कष्टाच्या मोबदल्याची आहे, दुसरीत राज्य स्वतःच्या संघासाठी खेळाडू भरती करते आहे. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि दुसरीला तितकाच विरोध.

क्रीडांगण

आपला भेद नेटका आहे, परंतु हा कायदा कोणत्या परिस्थितीत आला, हे आपण बाजूला ठेवले आहे. २०२१ मध्ये टेक्सासच्या कायद्याने महाविद्यालयात दाखल होईपर्यंत कमाईला बंदी घातली होती. साउथलेक कॅरल शाळेचा क्वार्टरबॅक क्विन यूअर्स याने त्यामुळे शाळेचे शेवटचे वर्ष सोडून दिले आणि ऑगस्टमध्येच ओहायो स्टेट विद्यापीठ गाठले. तिथे सह्यांच्या करारातून त्याला सुमारे १४ लाख डॉलर मिळणार असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या हंगामात तो जेमतेम दोन खेळ्यांपुरता मैदानात उतरला आणि डिसेंबरमध्ये परत येऊन टेक्सास विद्यापीठाची निवड केली. बंदी घालणाऱ्या राज्याने आपला मुलगा वर्षभर आधीच घालवला आणि त्या मुलाने मित्रांबरोबरचा शेवटचा शालेय हंगाम.

मिझुरीने यातून धडा घेतला. राज्यातील विद्यापीठे करदात्यांच्या पैशावर उभी आहेत आणि राज्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कातही सवलत मिळतेच. मग राज्यात राहणाऱ्या खेळाडूला थोडे झुकते माप दिले, तर त्यात अन्याय कोणता? लीज समिट नॉर्थ शाळेचा विल्यम्स न्वानेरी हा देशातील अव्वल बचावपटूंपैकी एक होता आणि २०२३ मध्ये त्याने मिझुरी विद्यापीठाचीच निवड केली. घरापासून काही तासांच्या अंतरावर मुलगा खेळतो आहे, हे त्याच्या आईवडिलांसाठीही मोलाचे असणार.

नदीकाठ

न्वानेरी एका हंगामानंतर मिझुरी सोडून नेब्रास्काला गेला, हेही त्यासोबत नोंदवायला हवे. शुल्कातील सवलतीची तुलना मला पटत नाही. ती सवलत राज्य स्वतःच्या तिजोरीतून देते. इथे राज्याच्या खिशातून काही जात नाही. एखादा दुकानदार किंवा कार्ड छापणारी कंपनी जे पैसे मुलाला द्यायला तयार आहे, ते घेण्याची परवानगी राज्य देते, आणि त्या परवानगीची किंमत म्हणून मुलाने राज्यातच राहावे, अशी अट घालते.

आणखी एक गोष्ट पाहावी. महाविद्यालयाशी करायच्या फुटबॉलपटूंच्या सह्यांचा पहिला टप्पा डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा बहुतेक संघांचा शालेय हंगाम संपलेला असतो. नावाजलेली बरीच मुले तर जानेवारीतच महाविद्यालयात दाखल होतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हा कायदा केला असे सांगितले जाते, त्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग काही आठवड्यांचा. ज्या शुक्रवारी संध्याकाळी अशा मुलामुळे प्रेक्षागार भरते, त्या सबंध हंगामात तो रिकाम्या हातानेच खेळतो.

तराजू

मी वकिली व्यवसायात आहे आणि मला आपल्या दोघांच्याही मांडणीत एक उणीव दिसते. करार करणारे मूल कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असते. अज्ञान मुलाचा करार त्याच्या इच्छेने रद्द होऊ शकतो, हे तत्त्व इथेही लागू आहे, परंतु तेवढ्याने त्याचे संरक्षण होत नाही. जेडन रशाडा या कॅलिफोर्नियातील क्वार्टरबॅकचे उदाहरण घ्यावे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या समर्थकांच्या निधीगटाने त्याला सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार देऊ केला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने विद्यापीठाशी सही केली, पैसे मात्र आले नाहीत आणि जानेवारीत त्याने सुटका मागून घेतली. २०२४ च्या मे महिन्यात तो न्यायालयात गेला.

बालकलाकारांच्या कमाईतील किमान १५ टक्के रक्कम विश्वस्त खात्यात ठेवण्याची सक्ती कॅलिफोर्नियात आहे. तो नियम ज्या जॅकी कूगनच्या नावाने ओळखला जातो, त्याची लहानपणीची कमाई घरच्यांनी संपवली होती. शाळकरी खेळाडूंच्या कायद्यांत अशी तरतूद आधी व्हावी. महाविद्यालय राज्यातले की राज्याबाहेरचे, हा वाद त्यानंतर घालता येईल.

पडवी

मला मूळ मुभाच मान्य नाही. माझा मुलगा इथल्या सरकारी शाळेच्या संघात आघाडीच्या फळीत खेळला. क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवणे हे त्याचे काम होते. तीन वर्षांत त्याच्या दोन बोटांची हाडे मोडली आणि त्याचे नाव ध्वनिवर्धकावर फार तर चार वेळा ऐकू आले. ज्याच्या नावाला बाजारात भाव आहे, त्याला पैसे मिळतील. ज्याच्या खांद्यांवर ते नाव उभे राहते, त्याला काहीही मिळणार नाही. महाविद्यालयात ही विषमता सोसायला मुले निदान वयाने मोठी असतात. कपडे बदलण्याच्या खोलीत सोळा वर्षांच्या मुलांमध्ये ती आणून ठेवू नये.

शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीत टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या दाव्यात संघीय न्यायालयाने महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेला भरतीसाठीच्या प्रलोभनांवरील बंदी अमलात आणण्यापासून रोखले. तेव्हापासून सहीआधीच भाव ठरवता येतो. कार्ड आणि इरादापत्र यांतील जी भिंत आपण गृहीत धरता, ती व्यवहारात पडलेली आहे.

नदीकाठ

आपल्या मुलाविषयी वाचून मी थोडा वेळ थांबलो. आमच्या गावातील शाळेच्या मैदानाला तारेचे कुंपण आहे. त्यावर एका फलकावर दंतवैद्याची जाहिरात, त्याला लागून खेळाडूचे छायाचित्र, मग फर्निचरच्या दुकानाची जाहिरात, पुन्हा खेळाडूचे छायाचित्र, अशी रांग लावलेली असते. जाहिरातींचे पैसे शाळा घेते. त्या रांगेत आघाडीच्या फळीतील मुलेही असतात. छायाचित्र ज्याचे, त्याला त्यातला हिस्सा देणे हा माझ्या दृष्टीने मुभेचा खरा अर्थ आहे, आणि तो देताना क्वार्टरबॅक आणि अडवणारा यांत फरक करण्याची गरज नाही.

भिंत पडली आहे, हे मान्य करतो. परंतु न्यायालयाने संघटनेचे हात बांधले आहेत, विधिमंडळांचे नव्हे. मिझुरीच्या विधिमंडळाला इरादापत्राची अट काढून तिथे ‘तराजू’ यांनी सुचवलेली विश्वस्त खात्याची अट आजही घालता येईल.

पडवी

कुंपणावरच्या हिश्श्याला माझी हरकत नाही, तो संघातल्या सगळ्यांना सारखा मिळणार असेल तर. आपण ज्या कार्डाचा दाखला दिलात, त्यावर मात्र एकट्या क्वार्टरबॅकचे छायाचित्र असेल.