सेकंडहँड पेट्रोल गाडीत दोन नंबरच्या सिलिंडरचे मिसिंग : हेड उतरवावे की आधी टॅपेटची फट मोजावी?

नमस्कार. दीड महिन्यापूर्वी मी पुण्यात एक जुनी पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली. गाडी २०१५ ची, १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), आणि घेतली तेव्हा मीटरवर ७१,००० किलोमीटर. घेण्याआधी मी ती चालवून पाहिली होती. परंतु मी पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते, आणि ते गरम का असावे हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तेव्हा स्टिअरिंगपर्यंत थरथर जाणवली. पहिली तीन-चार मिनिटे सायलेन्सरमधून ठराविक अंतराने फट्-फट् असा आवाज येतो, न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो आणि आयडलिंगचा काटा ७५० च्या खाली-वर हलत राहतो. इंजिन तापल्यावर थरथर बरीच कमी होते, तरी सिग्नलला उभे असताना दर काही सेकंदांनी एक झटका बसतोच. मात्र २,००० आरपीएमच्या वर गाडी अगदी सुरळीत चालते. खंबाटकी घाट चार माणसांसह तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून चढून पाहिला. एकदाही मिसिंग (सिलिंडरमधले इंधन न पेटणे) झाले नाही. ही बाब मला महत्त्वाची वाटते, कारण कॉइल किंवा प्लग कमजोर असता तर सिलिंडरमधला दाब वाढलेला असताना, म्हणजे चढावर, ठिणगी आधी तुटली असती.

ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचण्याची जोडणी) साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून पाहिला तेव्हा पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचे मिसफायर, हा कोड मिळाला. थंडीच्या एका सकाळी त्याच्या जोडीला पी ०३००, म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर न ठरणारे मिसफायर, सुद्धा आला होता.

पहिल्या गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. दोन नंबरचा जुना प्लग काळा व ओलसर निघाला. फरक शून्य. दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करण्याचे रसायन टाकीत ओतले आणि सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलवर ढकलला. त्यानंतर मी ठरवले की अंदाजाने आणखी एकही भाग बदलायचा नाही. दोन आणि चार नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली. कोड चार नंबरवर सरकला नाही, दोनवरच राहिला.

आता यातला खरा गुंता सांगतो. डिकीतला गालिचा उचलला तेव्हा पत्र्यात चार भोके दिसली, रबरी बुचे लावून बंद केलेली. म्हणून बॉनेट उघडून इनटेक मॅनिफोल्ड नीट पाहिला, तर प्रत्येक सिलिंडरच्या नळीवर एक बारीक नोझल आणि त्यावर रबरी टोपी होती. थोडक्यात, गाडीला पूर्वी सीएनजी किट होते आणि विकण्याआधी ते काढून घेतले गेले. आरसी बुकात इंधन फक्त पेट्रोल असेच नोंदलेले आहे. विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण तो वाद इथे नको.

दोन नंबरच्या नोझलची टोपी चिरलेली होती. तिच्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारताच आयडलिंग बदलले, म्हणजे तिथून हवा आत ओढली जात होती हे नक्की. नवी टोपी क्लिपसह बसवली. त्यापूर्वी आयडलिंगला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा संगणक पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) अधिक १४ टक्के आणि २,५०० आरपीएमला अधिक ४ टक्के होता. आता आयडलिंगचा आकडा ८ वर आला आहे. थरथर कमी झाली, पण गेली नाही. दोष सापडला म्हणून पेढे वाटायच्या बेतात होतो, ते राहून गेले.

शेवटी गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घेतले. अनुक्रमे १७५, १४०, १७० आणि १७५ पीएसआय असे आकडे आले. दोन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले तर १४३ आले. रिंग झिजल्या असत्या तर ऑइलमुळे आकडा बराच वाढला असता, त्यामुळे पिस्टन रिंगवरचा संशय मी जवळजवळ सोडून दिला आहे. कूलंट कमी होत नाही आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंशही नाही. तिसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे असे की व्हॉल्व्ह गेला आहे, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून काम करावे लागेल आणि २५ ते ३० हजार रुपये खर्च येईल.

माझे वाचन असे सांगते की सीएनजीवर बरीच वर्षे चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये (मिटताना तो टेकतो ती कडी) हळूहळू खोल रुतत जातात, कारण हा वायू कोरडा असतो आणि पेट्रोलप्रमाणे व्हॉल्व्ह व सीट यांना थंडावा देत नाही. व्हॉल्व्ह रुतला की त्याची दांडी कॅमकडे (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) सरकते आणि टॅपेटची फट, म्हणजे कॅम व टॅपेट यांच्यातली मोकळीक, कमी होते; ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. माझ्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, साध्या बकेट (व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या उलट्या वाट्या) आहेत, त्यामुळे ही घट आपोआप भरून निघत नाही. तेव्हा हेड उतरवण्याआधी नुसते वरचे कव्हर उघडून फिलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फटी मोजणे हा योग्य क्रम ठरेल का? आयडलिंगचा अधिक ८ टक्के ट्रिम म्हणजे हवेची आणखी एखादी गळती शिल्लक आहे असे समजायचे का? आणि तोपर्यंत रोज १८ किलोमीटर गाडी चालवणे कितपत सुरक्षित आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फिटर

आपण कॉइलची अदलाबदल करून आणि ऑइल घालून कॉम्प्रेशन मोजून निम्मे काम केलेच आहे. ट्रिमच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळगा. सिलिंडर मिस मारतो तेव्हा त्यातले पेट्रोल जळत नाही, तसाच त्यातला ऑक्सिजनही वापरला जात नाही. तो एक्झॉस्टमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) चारही सिलिंडरचे पेट्रोल वाढवतो. म्हणून उरलेला ८ टक्के हा दोषाचे कारण नसून परिणाम असू शकतो. त्याच्यामागे लागून मॅनिफोल्ड खोलत बसू नका.

फट मोजण्याचा आपला विचार बरोबर आहे, पण इंजिन रात्रभर थंड झालेले असले पाहिजे. त्याआधी जमल्यास लीक-डाउन चाचणी करून घ्या. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावून ऐकायचे. सायलेन्सरमधून फुसकारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. थंड इंजिन चालू केल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी तापून लांबतो आणि हेड मागाहून प्रसरण पावते. त्या पहिल्या काही मिनिटांत फट सर्वांत कमी असते. आपल्या गाडीचे सकाळचे लक्षण याच्याशी जुळते. आरपीएम वाढले की दाब निसटून जायला वेळच मिळत नाही, म्हणून घाटात आपल्याला काही जाणवले नाही.

काळी पिवळी

माझ्या जुन्या गाडीला पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्यापासूनच झटके सुरू झाले. आपण इंधनाचा मुद्दा फार लवकर निकालात काढलात असे वाटते.

धागाकर्ता

इंधनाबद्दल माझीही तक्रार आहे, मायलेज कमी मिळते हे खरे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे ट्रिम थोडा अधिककडे झुकेल हेही मान्य. परंतु एकाच टाकीतले पेट्रोल एकाच रेलमधून चारही इंजेक्टरना जाते. त्याने नेमका दोन नंबरच बिघडेल आणि त्याचेच कॉम्प्रेशन ३५ पीएसआयने उतरेल, हे मला पटत नाही.

जुना फिटर

चालवण्याविषयी विचारले होते ते राहिले. इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर जपून चालवा; तो लुकलुकू लागला तर ताबडतोब अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि कन्व्हर्टर आतून वितळतो. तो बदलायचा म्हटले तर आपले हेडचे काम स्वस्त वाटेल. फटी जितक्या लवकर मोजाल तितके बरे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकला नाही तर त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. कड जळली की मग बकेट बदलूनही उपयोग नाही.

धागाकर्ता

तीन आठवड्यांनी परत येऊन लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. लीक-डाउन चाचणीत फुसकारा सायलेन्सरमधूनच आला. रात्रभर गाडी गॅरेजमध्ये ठेवून सकाळी फटी मोजल्या. माझ्या इंजिनाला एक्झॉस्टची फट ०.३० मिलिमीटरच्या आसपास हवी. दोन नंबरच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ती ०.०५ आणि ०.१० निघाली. इतर तिन्ही सिलिंडरच्या एक्झॉस्ट फटी ०.१८ ते ०.२५ च्या दरम्यान आहेत, इनटेक सगळे ठीक. कॅमशाफ्ट काढून आठही एक्झॉस्ट बकेट बदलल्या. जुन्या बकेटच्या जाडीतून फटीतली तूट वजा करून प्रत्येकीचे माप काढले, आणि ती मिळवायला चार दिवस गेले. टायमिंग चेन पुन्हा बसवताना खुणा दोनदा तपासून घेतल्या.

दोन नंबरचे कॉम्प्रेशन आता १५८ आहे. पी ०३०२ पुन्हा आलेला नाही, आयडलिंगचा ट्रिम अधिक ३ वर उतरला आहे; म्हणजे ‘जुना फिटर’ यांचा अंदाज बरोबर होता, ती गळती नव्हतीच. सकाळी पहिले आठ-दहा सेकंद किंचित थरथर राहते. कॉम्प्रेशनचा आकडा १७५ पर्यंत गेला नाही त्याअर्थी सीटची थोडी हानी झालेलीच असावी. ३,००० किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनवर पुन्हा फटी मोजणार आहे. दोन नंबरची फट तोवर परत कमी झालेली दिसली, तर मात्र हेड उतरवून सीट व व्हॉल्व्हचे काम करून घेईन.