वाळूच्या थराची ताठरता मोजण्यासाठी कोणती चाचणी घ्यावी?

धागाकर्ता:
मध्यम घट्ट, संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) वाळूच्या थरावर एक साठवण टाकी उभारायची असून तिचा पाया किती खचेल, याचा अंदाज मला बांधायचा आहे. जागेवरच्या एसपीटीची (प्रमाणित प्रवेश चाचणीची) एन-मूल्ये, म्हणजे नमुना-नळी ठराविक खोल जाण्यासाठी लागलेल्या ठोक्यांची संख्या, हाती आहेत. परंतु त्यांवरून यंग्स मॉड्युलस (ताठरतेचे माप) काढण्याची निरनिराळी सूत्रे वापरली, तर उत्तरांत दुपटीहून अधिक तफावत पडते. भूकंपाच्या विश्लेषणासाठीही ताठरता लागणार आहे. आणखी एखाददोन चाचण्यांचीच तरतूद असल्यास सिस्मिक कोन (जमिनीत दाबत नेऊन लाटांचा वेग मोजणारा शंकू), प्रेशरमीटर (भोकात फुगवून दाब व फुगणे मोजणारे उपकरण) आणि प्रयोगशाळेतील ट्रायॲक्सियल (नमुन्याला चहूबाजूंनी दाब देऊन वरून भार देण्याची चाचणी) यांपैकी कशाची निवड करावी?

प्रतिसाद १:
आधी सिस्मिक कोन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एसपीटीमध्ये नमुना-नळी ठोकताना तिच्याभोवतीची वाळू पुरती मोडते, म्हणजे आपण मुख्यतः तिची मजबुती अजमावतो. याउलट टाकीखालच्या बहुतेक वाळूत विकृती (मूळ लांबीच्या तुलनेत आकारातला बदल) साधारण ०.०१ ते ०.१ टक्के एवढीच असते, आणि त्या टप्प्यातली ताठरता एन-मूल्यावरून काढणे म्हणजे दूरचा अंदाजच असतो.

सिस्मिक कोनमध्ये दर मीटरला कोन थांबवून जमिनीवर दाबून ठेवलेल्या तुळईच्या टोकावर आडवा हातोडा मारतात आणि कोनमधला जिओफोन (कंपन टिपणारे यंत्र) शिअर वेव्ह, म्हणजे कणांना आडवे हलवत जाणारी लाट, टिपतो. डावीकडून आणि उजवीकडून असे दोन्ही ठोके घ्यायला सांगा, कारण दोन्ही नोंदींत लाटेची दिशा उलटी येते आणि ती नेमकी केव्हा पोहोचली हे खात्रीने ओळखता येते. वेगाच्या वर्गाला घनतेने गुणले की अत्यल्प विकृतीचा शिअर मॉड्युलस (आडव्या सरकण्याविरुद्धची ताठरता) मिळतो. घनता दर घनमीटरला १,९०० किलो आणि वेग सेकंदाला २०० मीटर धरला, तर तो ७६ मेगापास्कल येतो. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेगात १० टक्के चूक झाली तर मॉड्युलस सुमारे २० टक्क्यांनी चुकतो, म्हणून मूळ नोंदी मागून घ्या, नुसत्या तक्त्यावर विसंबू नका. संपृक्त वाळूत पी-वेव्हचा (दाबाच्या लाटेचा) वेग मात्र यासाठी वापरू नये. तो प्रामुख्याने पाण्याचा गुण दाखवतो, कणांच्या सांगाड्याचा नव्हे.

हा मॉड्युलस भूकंपाच्या विश्लेषणाचा आरंभबिंदू आहे. पाया खचण्याच्या गणितात मात्र तो जसाच्या तसा घालू नये. विकृती ०.००१ टक्क्याच्या पुढे गेली की ताठरता घटू लागते आणि ०.१ टक्क्याला ती बहुधा निम्म्याखाली आलेली असते. त्यामुळे ताठरता हा एक आकडा नसून एक वक्र आहे, आणि कोणत्या विकृतीची ताठरता हवी हे ठरवल्याशिवाय चाचणी निवडता येत नाही.

धागाकर्ता:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मग तो वक्र मिळवण्यासाठी बोअरहोलमधून नमुने काढून ट्रायॲक्सियल चाचणी करावी का?

प्रतिसाद २:
स्वच्छ वाळूचा अबाधित नमुना नेहमीच्या नळीने जवळजवळ मिळतच नाही. जमीन गोठवून तो काढता येतो, पण ते अतिशय खर्चीक काम आहे. प्रयोगशाळेत त्याच घनतेला नवा नमुना रचला, तरी जुन्या थरातील कणांची मांडणी, हलके सिमेंटीकरण आणि दीर्घ काळात आलेला घट्टपणा परत येत नाही. म्हणून मी प्रयोगशाळेतून फक्त वक्राचा आकार घेतो आणि त्याचे वरचे टोक जागेवर मोजलेल्या शिअर वेव्हच्या वेगावर बसवतो.

विकृती नमुन्याच्या अंगावरच बसवलेल्या एलव्हीडीटीने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या संवेदकाने) मोजली जाईल, हे आधी पक्के करा. बाहेरून मोजल्यास वरखालच्या चकत्या बसताना होणारी हालचालही विकृतीत धरली जाते आणि वाळू आहे त्यापेक्षा बरीच मऊ दिसते. बेंडर एलिमेंट (नमुन्यात शिअर वेव्ह सोडणाऱ्या व टिपणाऱ्या लहान पट्ट्या) वापरणार असाल, तर लाटेने कापलेले अंतर नमुन्याच्या पूर्ण उंचीचे नव्हे, तर एका पट्टीच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंतचे धरावे.

प्रतिसाद ३:
प्रेशरमीटरकडे दुर्लक्ष करू नये, असे मला वाटते. भोक पाडताना वाळू विस्कटते, त्यामुळे सुरुवातीच्या उतारावर भरवसा नसतो. परंतु फुगवताना मध्येच दाब थोडा उतरवून पुन्हा चढवला, तर त्या फेऱ्यातून मिळणारा शिअर मॉड्युलस बराच विश्वासार्ह असतो. दाब उतरवण्यापूर्वी तो काही काळ स्थिर धरावा, नाहीतर वाळूचे सावकाश सरकणे फेऱ्यात मिसळते. संपृक्त वाळूत भोक ढासळते, त्यामुळे स्वतः भोक पाडत जाणारे उपकरण मिळाल्यास उत्तम.

प्रतिसाद १:
या सूचनेशी मी सहमत आहे. तरतूद दोन चाचण्यांची असेल, तर सिस्मिक कोन आणि प्रेशरमीटर हीच जोडी घ्यावी. आणखी एक गोष्ट गणितात धरा: वाळूचा अत्यल्प विकृतीचा मॉड्युलस प्रभावी प्रतिबलाच्या (पाण्याचा दाब वगळून कणांच्या सांगाड्यावर येणाऱ्या दाबाच्या) साधारण वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणजे टाकी भरल्यावर एखाद्या खोलीवर ते प्रतिबल चौपट झाले, तर हा मॉड्युलस सुमारे दुप्पट होईल. म्हणून रिकाम्या जागेवर मोजलेला वेग प्रत्येक खोलीच्या प्रतिबलासह नोंदवा आणि भारानंतरच्या प्रतिबलानुसार तो सुधारूनच वापरा.