दोघांपुरता बीफ खिमा, एकाच पॅनमध्ये

प्रश्न: ह्यूस्टनला आम्ही दोघंच. दुकानात पाउंडाचं, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचं पाकीट मिळतं. परतायला घेतला की खिम्याला पाणीच सुटतं. काय करू?

उत्तर: ताई, अर्धाच घ्या, उरलेला चपटा करून फ्रीझरमध्ये ठेवा. बिडाचा पॅन कडकडीत तापवा, खिमा पसरा आणि तळ तपकिरी होईपर्यंत हात लावू नका. चर्र आवाज बसला तर पाणी सुटलंय समजा. मग खिमा कडेला सारून त्याच चरबीत कांदा, आलं-लसूण, गरम मसाला. मटार शेवटी.

दुसरं उत्तर: २० टक्के चरबीचा असेल तर जास्तीची काढा. आतून ७१ अंश सेल्सिअस व्हायलाच हवा, नुसत्या रंगावर जाऊ नका.

प्रश्नकर्ती: बटाटा चालेल?

उत्तर: हो, बारीक चिरून, कांद्याबरोबरच.